बेचाळीस शिखरे, चोवीस तास आणि एक दाखला

कुटुंबाच्या डॉक्टरला दिवसभरात ज्या अनेक कागदांवर सही करावी लागते, त्यांत तंदुरुस्तीचा दाखला हा सर्वांत निरुपद्रवी कागद समजला जातो. समोरचा माणूस धडधाकट दिसत असतो, बाहेर ताप-खोकल्याच्या रुग्णांची रांग असते आणि आपण नाडी पाहून, रक्तदाब मोजून, छातीला नळी लावून सही-शिक्का करून मोकळे होतो. मीही तसेच करीत आलो होतो. माझी ती सवय एका डिसेंबरात मोडली. ती कशी मोडली, हे सांगण्यासाठी आज लिहितो आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ शाळेत गणित शिकवतात. वय सेहेचाळीस. आम्ही त्यांना 'सर' म्हणतो. चाळिशीनंतर त्यांना धावण्याची गोडी लागली आणि पुढे सह्याद्रीतल्या डोंगरवाटांवर धावण्याची. त्यांच्याजवळ एक लहानशी वही आहे. तिच्यात जगातल्या मोठमोठ्या डोंगरधावा, त्यांची अंतरे, चढ आणि विक्रमी वेळा नीटनेटक्या रकान्यांत मांडलेल्या आहेत. पन्नास किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीसाठी त्यांना दाखला हवा होता. रक्तदाब उत्तम, नाडी मिनिटाला ५८. मी दोन मिनिटांत सही केली. "डॉक्टर, काही विचारायचं नाही ना?" असे त्यांनी हसत विचारले. मीही हसून म्हणालो, "तुम्हाला काय विचारायचं, सर!"

शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. मांड्या दगडासारख्या कडक, मळमळ, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. चौकशीत कळले, की गुडघा कुरकुरत असल्याने सरांनी शर्यतीच्या पहाटे एक आणि वाटेत आणखी तीन वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. शिवाय 'वेळ वाचवण्यासाठी' पाणी पिण्यास ते फारसे थांबले नव्हते. रक्ततपासणीत स्नायूंची झीज दाखवणारे सीपीके कितीतरी पटींनी वाढलेले आणि क्रिएटिनिनही चढलेले. मूत्रपिंडे थकली होती. पाच दिवस रुग्णालयात सलाईनवर राहून ते सुखरूप घरी परतले, डायलिसिसची वेळ आली नाही. पण त्या पाच दिवसांत मला सतत एकच गोष्ट टोचत होती. गोळ्यांविषयीचा प्रश्न मी विचारला असता, तर तो अर्ध्या मिनिटाचा होता.

त्यानंतर मी सरांची ती वही मागून घेतली आणि या खेळाविषयी मन लावून वाचले. त्यातले जे मला आपल्यापर्यंत पोचवावेसे वाटते, ते असे.

केझिकचे खाणावळवाले बॉब ग्रॅहम

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा सरोवरांचा आणि उघड्या, गवताळ डोंगरांचा प्रदेश आहे. त्यातल्या केझिक या गावात बॉब ग्रॅहम नावाचे गृहस्थ पाहुण्यांसाठी निवास चालवीत. १९३२ च्या जून महिन्यात, १३ आणि १४ तारखेला, त्यांनी गावातल्या मूट हॉल या जुन्या इमारतीपासून निघून ४२ शिखरे पायाखाली घातली आणि २३ तास ३९ मिनिटांत ते त्याच दारात परतले. पायांत साधे टेनिसचे बूट आणि अंगात पायजम्याचा सदरा होता, असे सांगतात. खाणे म्हणजे लोणी लावलेला पाव, उकडलेले अंडे, फळे. टप्प्याटप्प्याला मित्र सोबतीला होते.

ही फेरी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अंतर सुमारे १०६ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर. हा आकडा आपल्या परिचयाच्या मापात सांगायचा, तर महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेली कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रकाठापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंतची उंची एका दिवसात पाच वेळा चढायची आणि तितकीच उतरायची.

डोंगरात किती वेळ लागेल, याचा एक जुना ठोकताळा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिला. आजच्या मापांत तो असा मांडतात : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास. या हिशेबाने बॉब ग्रॅहम फेरीला सुमारे पस्तीस तास लागावेत. ती चोवीस तासांत पुरी करणे, हे आव्हानाचे मर्म आहे.

ग्रॅहम यांच्यानंतर तब्बल २८ वर्षे कोणालाही ते साधले नाही. १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी २२ तास १८ मिनिटांत फेरी पूर्ण केली आणि मग वाट मोकळी झाली. १९७१ मध्ये फ्रेड रॉजर्सन यांच्या पुढाकाराने बॉब ग्रॅहम क्लब स्थापन झाला. चोवीस तासांच्या आत फेरी पुरी करणाऱ्याला त्याचे सदस्यत्व मिळते. १९७७ मध्ये जीन डॉज यांनी २३ तास २७ मिनिटांत ही फेरी पूर्ण केली आणि त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

वेळा कशा उतरत गेल्या

१९८२ मध्ये बोरोडेल खोऱ्यातले बिली ब्लँड यांनी १३ तास ५३ मिनिटांची वेळ नोंदवली. ती छत्तीस वर्षे अढळ राहिली. २०१८ च्या जुलैत स्पेनच्या कातालोनिया प्रांतातले किलियन जोर्नेट यांनी ती १२ तास ५२ मिनिटांवर आणली, तेव्हा त्यांच्या स्वागताला मूट हॉलपाशी स्वतः बिली ब्लँड उभे होते. २०२२ मध्ये अमेरिकेचे जॅक कुन्झली यांनी १२ तास २३ मिनिटांत फेरी पुरी केली. महिलांमध्ये जॅस्मिन पॅरिस यांनी २०१६ मध्ये १५ तास २४ मिनिटे, तर बेथ पास्कल यांनी २०२० मध्ये १४ तास ३४ मिनिटे अशी वेळ दिली.

सरांच्या वहीत या वेळांपुढे गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा हिशेब होता. ग्रॅहम ते ब्लँड या पन्नास वर्षांत पावणेदहा तास कमी झाले, ब्लँड ते कुन्झली या चाळीस वर्षांत केवळ दीड तास. बूट हलके झाले, नकाशे मनगटावर आले, आहाराचे शास्त्र पुढे गेले, पण माणसाचे स्नायू, हृदय आणि मूत्रपिंड तीच राहिली. डॉक्टर म्हणून मला या हिशेबात शरीराची मर्यादा स्पष्ट दिसते.

आणि तरीही या इतिहासातली मला सर्वांत भावणारी माणसे निव्वळ वेगवान नव्हेत. वॉस्डेलचे मेंढपाळ जॉस नेलर यांच्या पाठीवर तरुणपणीच शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनी १९७५ मध्ये चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे गाठली, साठाव्या वर्षी ६० शिखरे केली आणि सत्तराव्या वर्षी ७०. यॉर्कशायरच्या निकी स्पिंक्स यांनी स्तनाच्या कर्करोगावर मात करून, निदानानंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये, ही फेरी लागोपाठ दोनदा पूर्ण केली. वेळ ४५ तास ३० मिनिटे. स्कॉटलंडमध्ये अशाच एका फेरीचा पाया घालणारे चार्ली रॅमसे १९७८ मध्ये २३ तास ५८ मिनिटांनी परतले. मुदतीला केवळ दोन मिनिटे उरली होती.

शरीरात काय घडते?

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. सामान्य समजूत अशी, की डोंगरात चढ त्रास देतो. चढताना धाप लागते, हृदय वेगाने चालते, हे खरे. पण स्नायूंची खरी हानी होते ती उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवर घालत असतो, जणू प्रत्येक पावलाला लावलेला ब्रेक. या कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्या यामुळे. ही दुखापत मर्यादित असली, तर विश्रांतीने भरून येते आणि स्नायू पुढच्या वेळेसाठी अधिक कणखर होतो.

ती मर्यादा ओलांडली, तर तुटलेल्या तंतूंतून मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ते गाळून बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि लघवी गडद तपकिरी होते. शरीरात पाणी कमी असेल, तर मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी पोचत असते. अशा वेळी मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी जी नैसर्गिक द्रव्ये वापरते, नेमकी तीच आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद पाडतात. घरी पाय मुरगळल्यावर एखादी गोळी घेणे निराळे आणि आठ तास धावताना ती घेणे निराळे. सरांच्या बाबतीत घडले ते हेच.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे. 'भरपूर पाणी प्या' हा उपदेश आपण इतक्यांदा ऐकतो, की काही जण तहान नसतानाही प्रत्येक थांब्यावर बाटली रिकामी करतात. तासन्‌तास असे केले, तर रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, ओकाऱ्या होतात, हात-बोटे सुजतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि प्रसंगी झटके येतात. धाव संपल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेले असेल, तर पाणी जास्त झाले असे समजावे. नियम साधा आहे : तहानेप्रमाणे प्यावे. थोडे मीठ, थोडी साखर आणि लिंबू घातलेले पाणी बरोबर असावे. मात्र मीठ घातले म्हणून अमर्याद प्यायचे, असे नव्हे.

तिसरा धोका हवेचा. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत १७२ जण उतरले होते. दुपारी अकस्मात गारा, पाऊस आणि झोंबरा वारा सुटला. अनेकांच्या अंगावर अर्धी विजार आणि पातळ बनियन एवढेच होते. २१ धावपटू गारठून दगावले. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवले. आपल्या सह्याद्रीत पावसाळी धुके आणि वारा असतोच, पण मार्च ते मे या काळात उष्माघाताची भीती अधिक. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर आधी सावलीत नेऊन थंड पाणी ओतून, वारा घालून त्याला थंड करावे आणि मग रुग्णालयात न्यावे. थंड न करता गाडीत घालून धावपळ करण्यात मोलाची मिनिटे जातात.

नियमांतली एक सुज्ञ गोष्ट

बॉब ग्रॅहम क्लबचा एक नियम वाचून मी थबकलो. फेरी मान्य व्हायची, तर प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर साक्षीदार असावा लागतो. म्हणून मित्र टप्पे वाटून घेतात. फेरीचे पाच टप्पे पडतात, मध्ये रस्ता लागतो तिथे गरम खाणे आणि कोरडे मोजे घेऊन माणसे वाट पाहत असतात. सोबती नकाशा पाहतो, ओझे वाहतो, दर शिखराची वेळ टिपतो आणि धावणारा खायला विसरला, तर त्याला बळेच खायला लावतो.

वरकरणी हा नियम खोटेपणा टाळण्यासाठी आहे. माझ्या दृष्टीने मात्र त्यात वैद्यकीय शहाणपण आहे. अठरा-वीस तास जागून धावणाऱ्याच्या मेंदूवर विसंबता येत नाही. भास होतात, थंडी वाजेनाशी होते, 'मी ठीक आहे' हे वाक्य आपोआप तोंडातून निघते. अशा वेळी दुसऱ्या माणसाच्या जागत्या डोळ्यांची गरज असते. सर त्या दिवशी एकटे धावत होते. चौथी गोळी त्यांनी तोंडात टाकली, तेव्हा "सर, ही कितवी?" असे विचारणारे शेजारी कोणी नव्हते. आणि त्याआधी, माझ्या टेबलाशी, तो प्रश्न मीही विचारला नव्हता.

आपल्यासाठी काही सूचना

सातारची डोंगरी अर्धमॅरेथॉन किंवा सिंहगड, राजगड, तोरणा यांना जोडणारी लांब धाव यांमुळे आपल्याकडेही या छंदाला बहर आला आहे. छंद उत्तम आहे. त्याला माझा विरोध मुळीच नाही. आपण किंवा आपल्या घरातले कोणी या वाटेवर असेल, तर एवढे करावे :

• दाखला मागायला जाल, तेव्हा डॉक्टरांनी न विचारताही सांगा : घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे का, धावताना कधी छातीत दुखले किंवा भोवळ आली का, कोणती औषधे चालू आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि वेदनाशामके यांची जोडी मूत्रपिंडाला विशेष घातक ठरते. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर विशेषकरून, हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

• ताप असताना किंवा नुकताच उतरलेला असताना धावू नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि त्या वेळी जोराचे श्रम जिवावर बेततात.

• उताराचा सराव स्वतंत्रपणे आणि थोडा थोडा वाढवत करा. लहान पावले टाका. बहुतेक सरावाचा वेग असा ठेवा, की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. चढावर चालण्यात कमीपणा नाही. चांगले डोंगरधावपटूही उभ्या चढावर चालतात.

• धावण्यापूर्वी आणि धावताना वेदनाशामक गोळी नको. गोळीशिवाय धावता येत नसेल, तर त्या दिवशी धावू नये.

• लांबच्या धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. केळी, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे आपले पदार्थ उत्तम काम देतात. मात्र सरावात न खाल्लेला पदार्थ शर्यतीच्या दिवशी प्रथमच खाऊ नका.

• वारा-पाऊस अडवणारे पातळ जाकीट, शिटी, विजेरी आणि चार्ज केलेला फोन पाठीवर असावा. एकट्याने जाऊ नका, आणि परतीची वेळ घरी सांगून निघा.

• धावेनंतर लघवी गडद झाली, बारा तासांत फारशी झालीच नाही, ओकाऱ्या थांबेनात, वागण्यात गोंधळ दिसला, किंवा मांड्यांचे दुखणे उतरण्याऐवजी चढत गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

घरच्यांसाठी एक शब्द. धावून आलेल्या माणसाला "किती वेळ लागला?" असे आपण विचारतो. त्याआधी "लघवी झाली का? काय खाल्लंस? डोकं दुखतंय का?" असे विचारावे. वहिनींनी ते विचारले, लघवीचा रंग स्वतः पाहिला आणि सर 'उद्या जाऊ' म्हणत असताना त्यांना रिक्षात बसवले. सरांची मूत्रपिंडे वाचली, त्याचे निम्मे श्रेय त्यांचे आहे.

सर परत धावू लागले का, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटेल. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर चालण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढच्या वर्षी, शर्यतीच्या महिनाभर आधी, ते पुन्हा दाखल्यासाठी आले. या वेळी पंचवीस किलोमीटरच्या धावेसाठी, आणि शाळेतले एक तरुण सहकारी जोडीला घेऊन. मी त्या दोघांना बसवून घेतले. बाहेर रांग होती, तरी वीस मिनिटे प्रश्न विचारले, लघवी आणि रक्त तपासायला पाठवले, अहवाल आल्यावर सही केली.

जाताना सरांनी वही उघडून दाखवली. विक्रमी वेळांच्या रकान्याशेजारी त्यांनी आणखी एक रकाना आखला होता. त्याचे शीर्षक होते 'सोबती'. बॉब ग्रॅहम यांच्या ओळीपुढे 'मित्र' असे लिहिलेले होते. स्वतःच्या ओळीपुढे सहकाऱ्याचे नाव, त्याखाली वहिनींचे, आणि त्याखाली, माझी तितकी पात्रता नसतानाही, माझे.